कोळशानंतर गहू : जहाजाच्या होल्डची सफाई

प्रश्न : माझा मुलगा बल्क कॅरिअर (सुटा माल नेणाऱ्या) जहाजावर कॅडेट आहे. कोळसा उतरवल्यानंतर गहू भरण्यासाठी होल्ड, म्हणजे जहाजातील माल भरण्याची कोठी, तयार करण्यात कित्येक दिवस जातात, असे तो सांगतो. नुसते पाणी मारून का भागत नाही?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाणी मारणे हा या कामाचा केवळ मधला टप्पा आहे. आधी होल्ड कोरडा झाडून उरलेला कोळसा वर काढावा लागतो, कारण तो बिल्जच्या, म्हणजे होल्डच्या तळाशी पाणी साचण्यासाठी असलेल्या, खळग्यात गेला की उपसा तुंबतो. मग दाबाने समुद्राचे पाणी मारतात आणि शेवटी गोडे पाणी फिरवतात, कारण मीठ राहिले तर पोलाद गंजते. खरा वेळ जातो तो उंचावरच्या जागांना: फ्रेमच्या (भिंतींना आधार देणाऱ्या पोलादी फासळ्यांच्या) मागे व हॅच कव्हरच्या (होल्डच्या झाकणाच्या) खालच्या अंगाला चिकटलेली कोळशाची पूड, गंजाचे सुटे पापुद्रे, सोललेला रंग किंवा जिवंत कीड यांपैकी काहीही आढळले, तरी माल भरण्यापूर्वी तपासणी करणारा सर्वेक्षक होल्ड नाकारू शकतो. धुणाचे पाणीही कुठेही सोडता येत नाही. मार्पोल या जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार, अवशेष सागरी पर्यावरणास अपायकारक नसले तरी, हे पाणी साधारणपणे किनाऱ्यापासून किमान १२ सागरी मैलांवर आणि जहाज मार्गक्रमण करीत असतानाच सोडावे लागते.

मुलाला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. कोळसा हवेतील ऑक्सिजन शोषून घेतो. म्हणून बंद होल्डमध्ये किंवा त्यालगतच्या जागेत, वायुवीजन करून हवेची मोजणी झाल्याशिवाय आणि परवाना मिळाल्याशिवाय, कितीही घाई असली तरी त्याने उतरू नये.