नाव ठेव, नावं ठेवू नकोस

प्रिय बाळा,

सिनेमा-सिरियलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या सीन्सची तुझी लिस्ट मिळाली. चौसष्ट नोंदी. परवा रात्री जेवणं आटोपल्यावर वाचायला घेतली आणि पेन्सिलने खुणा करत करत कधी एक वाजला कळलंच नाही. आधी हे सांगते की मला फार आनंद झाला, कारण सिनेमा किंवा सिरियल बघताना "अरे हे कुठेतरी बघितलंय" असं वाटतं सगळ्यांनाच, पण वाटलं म्हणून उठून वहीत लिहून ठेवणारं माणूस विरळा, आणि तू चौसष्ट वेळा उठलीस.

आता नोंद १७. तू लिहिलंयस, "दाराआडून अर्धंच ऐकणं. फालतू. आळशी रायटिंग." तिथे माझी पेन्सिल थांबली, आणि हे सगळं पत्र खरं तर त्या एका ओळीमुळे लिहितेय.

बघ, मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फक्त एका टिंबाचा फरक आहे. एक आपण पाळण्यातल्या बाळाला ठेवतो आणि दुसरी शेजारच्या सुनेला. तू करायला घेतलंयस ते पहिलं काम, पण निम्म्याहून जास्त नोंदींमध्ये तुझा हात दुसऱ्या कामाकडे गेलाय, आणि एकदा का नावं ठेवली ना की आपण त्या गोष्टीकडे बघणंच बंद करतो. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगते. डेली सिरियल लिहायला लागले तेव्हा आम्ही दोघी-तिघी रायटर्सनी भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यावर ठरलेल्या सीन्सची टिंगलीची नावं, आणि आमच्या हिरोइनच्या ट्रॅकला, म्हणजे तिच्या गोष्टीच्या धाग्याला, तर आम्ही सरळ "रडूबाई" म्हणायचो. सहा महिने मी त्या मुलीचे सीन्स लिहिले आणि सगळे वाईट लिहिले, कारण कागद पुढे घेतला की ती दिसायचीच नाही, फक्त ते नाव दिसायचं.

परत नोंद १७ वर येऊ. तू कधी सेटवर गेली नाहीयेस म्हणून आधी कामाची बाजू सांगते. घराचा एक सेट असतो, हॉल, किचन, जिना, दोन बेडरूम. आठवड्याला सहा एपिसोड, एकेक बावीस मिनिटांच्या आसपास. एक गुपित आहे, ते सुनेला कळायला तर हवं, पण पूर्ण कळलं तर ट्रॅक मंगळवारीच संपतो, आणि शनिवारपर्यंत तर जायचंय. मग ती चहाचा ट्रे घेऊन दाराशी येते, आतलं अर्धं वाक्य ऐकते, ट्रे पडतो, ब्रेक. नवं लोकेशन नाही, नवा आर्टिस्ट नाही आणि आठवडा निघाला. एवढंच असतं तर मीही फालतू म्हटलं असतं.

पण माझ्या सासूबाईंबरोबर एकदा माझाच एपिसोड बघत बसले होते आणि हाच सीन आला. मला लाज वाटली, मी म्हटलं, "आई, जरा फिल्मी झालंय." त्या टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "फिल्मी कसलं गं? माझं लग्न ठरलं ते मला असंच कळलं." ओटीवर पुरुषांची बोलणी चालली होती, ह्या माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या, आणि "मग पुढच्या महिन्यात उरकून टाकू" एवढंच कानावर आलं. कुणाशी ते नाही. दोन दिवस घरात कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. मी विचारलं, "हातातलं सूप पडलं नाही?" तर म्हणाल्या, "पडलं असतं तर ओरडा बसला असता. हात तसाच राहिला तांदळात."

त्या रात्री मला कळलं की हा सीन आळसातून आलेला नाही. ज्या घरात निर्णय ओटीवर होतात आणि ज्यांच्याबद्दल होतात त्या माजघरात असतात, त्या घरातल्या बाईला बातमी दारातूनच कळते आणि अर्धीच कळते. वाडे गेले, फ्लॅट आले, सिरियलमधल्या सुना नोकऱ्या करायला लागल्या, पण ते दार कथेत राहून गेलं. पुढच्या वेळी मी तो सीन लिहिला तेव्हा काहीच पडू दिलं नाही, फक्त हात तांदळात थांबवला, आणि तो मी लिहिलेल्या चांगल्या सीन्सपैकी एक आहे असं मला आजही वाटतं.

म्हणून प्रत्येक नोंदीत आधी लिही की पडद्यावर नेमकं काय दिसतं. मग त्या सीनने कथेचं कुठलं काम केलं ते. आणि मग सगळ्यात अवघड, हे लोकांच्या जगण्यातून आलं कुठून. तिसरं लगेच सापडणार नाही, जागा मोकळी ठेव, घाईने काहीतरी भरू नकोस.

घाईवरून तुझी नोंद ५ आठवली, हरवलेले भाऊ. तू म्हणतेस हे फाळणीतून आलं. खूप जण म्हणतात, आणि फाळणीनंतर प्रेक्षकांना ते जास्त भिडलं असेल हे मलाही पटतं. पण 'किस्मत' १९४३चा आहे, त्यात घरातून गेलेला मुलगा शेवटी घरच्यांना परत मिळतोच, आणि तेव्हा फाळणी व्हायची होती. मागे जात राहिलीस तर शकुंतलेची अंगठी आहेच, खूण बघितली की ओळख पटते ही युक्ती किती जुनी आहे बघ. आणि लोकांनी याला दिलेलं नाव काय? कुंभमेळ्यात हरवलेले भाऊ. आता गंमत अशी की 'वक्त'मध्ये (१९६५) कुटुंबाची फाटाफूट भूकंपाने होते, 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) पोरं पंधरा ऑगस्टला बागेतल्या गांधींच्या पुतळ्याखालून पांगतात, या दोन्हीत मेळा कुठेच नाही. तरी नाव मेळ्याचंच टिकलं. कारण मेळ्यात माणसं खरंच हरवतात. प्रयागला हरवलेल्यांना घरच्यांची भेट करून देणारं शिबिर १९४६ पासून चालतंय, आपल्याकडे आषाढीला पंढरपुरात लाऊडस्पीकरवर नावं पुकारतात ती तूही ऐकली असशील, "जिथे असाल तिथून अमक्या ठिकाणी या, तुमची माणसं वाट बघतायत." ती भीती ज्याने लहानपणी आईचा हात सुटताना अनुभवलीय त्याला ते नाव समजावून सांगावं लागत नाही.

'अमर अकबर अँथनी'तला रक्त द्यायचा सीन तू "सायन्सची वाट" म्हणून उडवून लावलायस. तिघांचं रक्त एकदम नळ्यांतून वर जातं आणि त्याच धारेने खाली आईच्या अंगात येतं, डॉक्टर लोक हसतातच याला. पण पिक्चरची टायटल्स तिथे, एवढ्या उशिरा का येतात याचा विचार कर. तोपर्यंत कुटुंब फुटल्याची गोष्ट चालली होती. टायटल्स येतात तेव्हा चौघं एका खोलीत आहेत, एकमेकांना ओळखत नाहीत आणि रक्त मात्र ओळखतंय. मी तो सीन आवाज बंद करून बघते कधीकधी. तूही हे करत जा, म्यूटवर बघ. संवाद गेले की माणसं कुठे उभी आहेत, कोण कुणाकडे पाठ करतंय, हे दिसायला लागतं आणि पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच असते. पण पहिल्यांदा कुठलाही पिक्चर वही न घेता बघायचा, रडू आलं तर रडायचं.

मोजण्याबद्दल एक सांगते कारण इथे तू चुकलीयेस. नोंद ४२, बायकांचं सोंग घेऊन भाड्याची खोली मिळवणं, उदाहरणं 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आणि 'बीवी और मकान' (१९६६). बाळा, ती एकच गोष्ट आहे, आपला पिक्चर त्याच्यावरूनच आला. 'धूमधडाका'चं (१९८५) तसंच, तमिळमधून हिंदीत आणि हिंदीतून आपल्याकडे. रीमेक म्हणजे एकच साक्षीदार तीनदा बोलला असं धर. मग सोंग ही नोंदच नाही का? आहे ना, पण तिचे साक्षीदार दुसरीकडे आहेत, विराटाच्या घरी बृहन्नडा झालेला अर्जुन, तमाशातल्या गौळणीतली मावशी. एकमेकांवरून न उचललेल्या निदान तीन गोष्टी मिळाल्याशिवाय नाव पक्कं करू नकोस.

रशियात व्लादिमीर प्रॉप म्हणून अभ्यासक होता, १९२८ साली त्याने शंभर परीकथा घेऊन त्यातल्या क्रिया सुट्या केल्या, एकतीस निघाल्या. त्याच्याकडून एकच गोष्ट घे, तो कोण करतं याला नाव देत नाही, काय घडतं याला देतो. देणारा राजा असो नाहीतर म्हातारी, "देणं" तेच. आपल्याकडे लोकसाहित्यवाले मोटिफला, म्हणजे गोष्टींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा तुकड्याला, कल्पनाबंध म्हणतात, चांगला शब्द आहे, पण वहीत रोज लिहायला तुला जड वाटला तर "ठरलेला सीन" म्हण, आम्ही तेच म्हणायचो.

माणसाला नाव दिलं की काय होतं त्याचं उदाहरण देते. नेथन रॅबिन नावाच्या अमेरिकन समीक्षकाने २००७ मध्ये एका पिक्चरबद्दल लिहिताना "मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल" हा शब्द काढला. उदास हिरोला जगायला शिकवण्यापुरतीच जी असते, स्वतःचं काहीच नसतं, अशी मुलगी. त्याचा राग लिहिणाऱ्यांवर होता. पण शब्द पसरला आणि जरा वेगळी, जरा बडबडी अशी कुठलीही मुलगी पडद्यावर आली की लोक तिलाच हे नाव चिकटवायला लागले, आणि २०१४ मध्ये त्याने स्वतः लिहून माफी मागितली, हा शब्द आता वापरू नका म्हणाला. मला त्या माणसाबद्दल आदर आहे. तुझ्या लिस्टमध्ये "खाष्ट सासू", "बावळट नवरा", "रडकी" अशी अकरा नावं आहेत, ती सगळी परत बघ. सासू खाष्ट आहे म्हणजे ती नेमकं काय करते, किल्ल्या देत नाही? पंगतीत सुनेला शेवटी बसवते? ते लिही.

आणि नोंद ३१ ला तू "किचन सॅबोटाज" नाव दिलंयस, सून पहिल्यांदा स्वयंपाक करते, पाहुणे येणार असतात आणि कुणीतरी मागून येऊन भाजीत मूठभर मीठ टाकतं. अगं, याचं नाव तुझ्या घरात आहे. नावडतीचं मीठ अळणी. श्रावणातली शिवामुठीची कहाणी आठव, राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती, तिला उष्टंमाष्टं खायला आणि राहायला गुरांचा गोठा, शेवटी देव तिला पावतो आणि सासरा तिला मानतो. आमच्या चार वर्षं चाललेल्या सिरियलचा सांगाडा यापेक्षा वेगळा नव्हता. म्हणीतलं मीठ खाणाऱ्याच्या मनात असतं, सिरियलला ते कढईत टाकून दाखवावं लागतं, कॅमेऱ्याला मन दिसत नाही ना. आता हे नाव ठेवून बघ, मग ऑफिसच्या पिक्चरमध्ये नव्या मुलीच्या प्रेझेंटेशनची फाइल कुणी बदलली तरी तू ओळखशील की हे नावडतीचं मीठ आहे.

काही नोंदींचं कारण कथेत मिळणारच नाही. मेलेला परत येतो त्याचं बघ. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० मध्ये सुरू झाली, त्यातला हिरो मिहीर मारला आणि लोकांनी एवढा गोंधळ केला की त्याला परत आणावं लागलं. आर्टिस्ट सोडून जातो, आजारी पडतो, डेट्स देत नाही, मग स्मृती जाते, अपघात होतो, लीप येतो, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे उडी मारते. अशांसमोर "सेटवरचं कारण" लिही आणि पुढे जा.

आता नोंद ५८. "वाईट बातमी सांगायला आलेला माणूस आधी पाणी मागतो." ही वाचून मी उठून बसले. इतकी वर्षं लिहिलं, कित्येकदा हा सीन मी स्वतः लिहिलाय, तो पाण्याचा तांब्या आणायला आत गेलेली बाई, ती परत येईपर्यंतची ती मिनिटभर शांतता, आणि मला हे कधी दिसलंच नाही. तुला दिसलं. समोर तू काहीही शेरा मारला नाहीस, बहुतेक तुलाही कळलं असावं की इथे काहीतरी आहे. मला याला नाव सुचत नाहीये. "पाण्याचा तांब्या" म्हणून बघितलं, पण ते पुरेसं नाही.

रविवारी दुपारी ये, १७ नंबर नव्याने लिहून आण. आणि त्याआधी आजीला फोन कर, त्यांच्या गावात सांगावा घेऊन येणाऱ्याला घरात घ्यायचे की बाहेरच उभा करायचे, पाणी कोण द्यायचं, आणि त्याला काय म्हणायचे ते विचारून ठेव.

तुझी,
मावशी