'मुख्यमंत्रिपदाची संगीत खुर्ची' असं बातमीत लिहितात म्हणजे नक्की काय?

म्हणजे पद एकच (किंवा मोजकीच) आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले जास्त, त्यामुळे खुर्चीवर कोण बसलंय ते सारखं बदलत राहतं. शब्द आलाय गणपतीत किंवा वाढदिवसाला मुलं खेळतात त्या संगीत खुर्चीवरून, दहा मुलं असली तर खुर्च्या नऊ, गाणं बंद झालं की जो उभा राहिला तो आउट, आणि दर फेरीला एक खुर्ची उचलायची. महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी सकाळी फडणवीसांनी शपथ घेतली, २६ ला राजीनामा, २८ ला उद्धव ठाकरे, मग जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री आणि डिसेंबर २०२४ मध्ये हेच दोघं बरोब्बर उलट. आता यात आउट झालेला माणूस परत खेळायला येतो, मुलांच्या खेळात असं केलं तर भांडणं होतील!

फक्त एक, नुसती खाती इकडची तिकडं केली किंवा अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या तरी काहीजण संगीत खुर्ची लिहून टाकतात, ते मला तरी पटत नाही. तिथं कुणी उभं राहत नाही, सगळ्यांना जागा मिळतेच, त्याला सरळ खांदेपालट म्हणावं. आणि शब्दात टोमणा आहे हं, त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये बॉसबद्दल वापरू नका.