वारीत पुण्याला मुक्कामाचा पूर्ण दिवस मिळतो. पहिल्यांदाच चालणाऱ्याने तो कसा घालवावा?

पाय आणि झोप, एवढंच सांभाळा. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात असते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. दोन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत, त्यामुळे दर्शन भल्या पहाटे उरकता येतं. दिवस चढला की रांगेत तासन्‌तास जातात. नंतर शहर बघत हिंडू नका, कारण माउलींसोबत असाल तर दुसऱ्या दिवशी सासवडचा जवळपास ३० किलोमीटरचा टप्पा आहे. हडपसर मागे पडलं की पुढे दिवेघाट चढायचा असतो.

दुपारी पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मग बोटांच्या बेचक्या अगदी कोरड्या पुसा. पावसात भिजलेली कातडी मऊ पडते आणि फोड तिथेच येतात. आलेला फोड दुखत नसेल तर फोडू नका, वर पट्टी लावा. नखं सरळ कापा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन-तीन तासांनी बदला. चप्पल उसवली असेल तर पेठेत फुकट शिवून देणारे सेवेकरी भेटतात, दाढी-कटिंगही होते. त्यांना संकोच न करता हाक मारा, ते त्यासाठीच बसलेले असतात.

रात्री नऊला आडवे व्हा.