सौदा आधी, भाव मागून?

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. अमेरिकेत ग्रॅज्युएशन करायचं आहे, मार्क चांगले आहेत. आमचे एक सर म्हणून राहिले की अर्ली डिसिजनमधून, म्हणजे लवकरच्या फेरीतून फॉर्म भर, चान्स वाढते. पण लागलं तर तिथंच जावं लागते म्हणे. घरी सहा एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. बाबा म्हणतात आधीच बांधून घेऊ नको. भरू का? अन् भरला तर कुठं?

उत्तर: बाबांची भीती बरोबर आहे गं, खेडा खरेदीवाला दारात आला की भाव न विचारता काटा कोण लावते? सीईटीच्या कॅप राउंडमध्ये पहिला प्रेफरन्स लागला की ऑटो फ्रीझ होते ना, म्हणजे तीच सीट पक्की, तसंच हे, फक्त इथं तू, पालक अन् शाळा तिघांच्या सह्या असतात, अन् लागलं की बाकीचे सगळे फॉर्म मागे घ्यावे लागतात. पण एक पळवाट नियमातच आहे, कॉलेजनं दिलेल्या पैशाच्या मदतीत खरंच भागत नसेल तर ते सोडतात.

सर म्हणतात ती चान्स वाढते हे अर्धं खरं, कारण त्या फेरीत लागलेल्यांच्या आकड्यात खेळाडू अन् माजी विद्यार्थ्यांची पोरंही मोजलेली असतात. तुझा खरा प्रश्न पैशाचा. या कॉलेजांचा खर्च वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर जाते, अन् बऱ्याच ठिकाणी परदेशी पोरानं मदत मागितली की निवडताना तेच आडवं येते. म्हणून मी म्हणेन, अर्ली डिसिजन भरायचंच तर जिथं परदेशी पोरांचीही ऐपत न बघता निवड होते अन् लागलं तर गरजेइतकी पूर्ण मदत मिळते तिथंच भर: अ‍ॅमहर्स्ट, बोडन, डार्टमथ, ब्राउन. यातलं एकच, अन् तेही मनापासून पहिलं असेल तर. ब्राउनला सॅट किंवा एसीटी ही प्रवेश परीक्षा लागते, बोडननं 1969 पासूनच ती सक्ती ठेवली नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचं लवकरचं फॉर्म भरणं बांधून घेत नाही, तोही रस्ता आहे, पण त्यासोबत दुसरीकडं अर्ली डिसिजन चालत नाही. एकही मनात पक्कं नसेल तर सरळ जानेवारीचा रेग्युलर फॉर्म भर अन् आलेल्या ऑफर शेजारी शेजारी ठेवून बघ.

अन् कोणी म्हणालं ना की आता मदत मागू नको, लागल्यावर मागू, तर ऐकू नको, परदेशी पोरांना नंतर मागायला बरीच कॉलेजं नाहीच म्हणतात.

कागदाला आत्ताच लाग. सीएसएस प्रोफाइल म्हणजे मदत मागायचा ऑनलाइन फॉर्म, त्यात घरचं उत्पन्न विचारतात, शेतीवर टॅक्स नाही म्हणून बाबांचं रिटर्न नसेल, तर तहसीलचा दाखला, कापूस विकल्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, सगळ्याचं इंग्रजी करून ठेव. अर्ली डिसिजनची तारीख बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, म्हणजे घरी सीतादही होऊन वेचणी सुरू अन् बाबांना बसायला फुरसत नाही. प्रिन्सिपलची सही तर दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीच घे, एकदा ते गावाला गेले की फोनही उचलत नाहीत.