'तुमच्या खोलीत पाहा' या बटणावर विसंबून ऑनलाइन सोफा मागवावा का?

तुम्ही विचारलंय, की देवगडच्या जुन्या घरासाठी ऑनलाइन सोफा बघताय, वेबसाइटवरच्या एका बटणाने तो मोबाइलमध्ये आपल्याच खोलीत ठेवलेला दिसतो, तर तेवढ्यावर पैसे भरावेत का.

मापापुरता भरवसा ठेवा, तोही टेपने पडताळून. त्यापुढचं ते बटण काही सांगत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर बिघडतं ते नेमकं त्यापुढचंच.

आम्ही वेंगुर्ल्याच्या घरी तीन माणसांचा सोफा असाच मागवला होता. मोबाइलमध्ये तो माजघरात खिडकीखाली चपखल बसला. आईने फोन धरून त्याच्याभोवती फेरी मारली, दोन-तीन रंग पाहिले, आणि पैसे भरायच्या आधीच तो आमचा झाला. विकणाऱ्याला हेच हवं असतं. 'आपल्याकडे बसेल का, शोभेल का' या धाकधुकीपायी गिऱ्हाईक मागे फिरतं. ती घालवायलाच आयकिया या फर्निचर कंपनीने २०१७ मध्ये असंच सामान खोलीत ठेवून दाखवणारं 'आयकिया प्लेस' ॲप काढलं.

सोफा आला आणि माजघराच्या दारात अडला. चिऱ्याच्या भिंतीतली जुनी चौकट, रुंदी सव्वादोन फूट. फोनमधला सोफा दारातून येतच नाही, थेट खोलीत उमटतो! पाय काढले, उभा-आडवा करून पाहिला, शेवटी ओटीवरच ठेवला. तिथे पावसाची झड येते. खालची फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली होती. दुसऱ्या पावसाळ्यात ती कडेने फुगली, स्क्रू गंजले. आईला फार वाईट वाटलं, मलाही.

म्हणून आधी रस्त्यापासून खोलीपर्यंतची सगळी दारं मोजा, वळणंही. सोफ्याची उंची आणि पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचं माप त्यांच्याशी ताडून बघा, नुसती लांबी नव्हे.

मग ते बटण. फोन कॅमेऱ्यातून जमिनीवरचे ठिपके, रेघा, डाग हेरतो, आपण किती हललो ते आतल्या सेन्सरवरून धरतो आणि त्यावरून जमीन कुठे आहे ते ठरवतो. गुळगुळीत तांबड्या कोब्यावर किंवा चकचकीत लादीवर त्याला धरायला काही मिळत नाही, सोफा तरंगतो नाहीतर सरकतो. अंधाऱ्या माजघरात तेच. जमिनीवर नक्षीची सतरंजी अंथरा, दुपारी खिडक्या उघडून, दिवे लावून बघा. लायडार हा सेन्सर असलेल्या फोनना हा त्रास कमी होतो, कारण ते अंतर प्रकाशाने थेट मोजतात. सोफा स्थिर दिसला की त्याच्या दोन्ही टोकांना एकेक नारळ ठेवा आणि मधलं अंतर टेपने मोजा. वेबसाइटवरच्या लांबीशी ते जुळलं तरच पुढे जा.

रंगावर जाऊ नका. पडद्यावरचा रंग आणि कापडाचा रंग वेगळा निघतो. कापडाचा तुकडा मागवता आला तर मागवा.

सर्वांत महत्त्वाचं, विक्रेत्याला लेखी विचारा: सांगाडा कशाचा? प्लाय असेल तर आयएस ७१० आहे का? हा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा दर्जा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आहेत का? खाऱ्या हवेत साधे टिकत नाहीत. उत्तर गुळमुळीत आलं तर गावातल्या सुताराला फणसाच्या लाकडात काय पडेल ते विचारा. फोनमध्ये जुळवलेलं माप त्यालाही उपयोगी पडेल.