रंगवलेली पलटण आणि कळल्याची तारीख

कोल्हापूरहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडायचो, ती हौस पुढेही सुटली नाही. वीस वर्षांपासून ५४ मिलिमीटरच्या रंगवलेल्या सैनिकी फिगर्स जमवतो आहे. बावीस महिन्यांपूर्वी परराज्यातल्या एका नव्या उत्पादकाने दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणीची १८ फिगर्सची मालिका काढली. 'मूळ शिल्प आमच्याच कार्यशाळेत घडवलेले, प्रत्येकाच्या फक्त १०० प्रती' असे त्याने संकेतस्थळावर लिहिले होते. प्रत्येक फिगरसोबत क्रमांक घातलेले प्रमाणपत्र, किंमत ६,५०० रुपये. १४ मिळाल्या, ४ चे पैसे आगाऊ भरले आहेत. मागच्या महिन्यात एका संग्राहक मित्राने तीस वर्षांपूर्वीची एक युरोपीय फिगर आणून माझ्या फिगरशेजारी ठेवली. डोके वेगळे, बाकी बाहीच्या चुण्यांपासून डाव्या बुटावरच्या ओतकामातल्या खळग्यापर्यंत सगळे तेच. उत्पादकाला विचारले, तर 'रंगवलेला माल परत घेतला जात नाही' एवढेच उत्तर आले. पैसे परत मिळतील का? रिकास्ट, म्हणजे दुसऱ्याच्या फिगरवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल, घरात ठेवल्याबद्दल मीच अडकेन का? की गुपचूप विकून मोकळा होऊ?"

सप्रेम नमस्कार.

आधी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तिथे तुमचा पाय घसरू शकतो. विकू नका. एकही नाही, मित्रालाही नाही, आणि 'रिकास्ट आहे' असे सांगूनही नाही.

मागच्या महिन्यातला तो दिवस डायरीत नोंदवून ठेवा. त्या दिवसाआधी तुम्ही विश्वासाने खरेदी करणारे गिऱ्हाईक होता. त्या दिवसानंतर तुम्हाला संशयाला सबळ कारण आहे, आणि कायद्याच्या नजरेत या दोन माणसांत मोठे अंतर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये शिल्प ही 'कलाकृती' आहे आणि त्यात कलागुण किती, हे कायदा पाहत नाही. मूळ शिल्पकार परदेशी असला, तरी आंतरराष्ट्रीय करारांमुळे त्याच्या कृतीला भारतात संरक्षण मिळते, तेही त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. कलम ५१ नुसार अनधिकृत प्रत विक्रीसाठी बनवणे, विकणे, धंद्यासाठी मांडणे किंवा वाटणे, हे सगळे उल्लंघन आहे. विकत घेऊन घरच्या कपाटात ठेवणे मात्र त्या यादीत नाही. कलम ६३ चा गुन्हा तर जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचाच. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आज तुम्ही निर्धास्त आहात, पण उद्या एक फिगर विकलीत तर 'मला माहीत नव्हते' हे वाक्य तुमच्या हातून जाईल.

एक बाजू लपवणे बरे नव्हे. कलम ५८ प्रमाणे उल्लंघन करणारी प्रत ही मूळ हक्कदाराची मालमत्ता मानली जाते आणि तो ती मागू शकतो. अजाणतेपणी घेणाऱ्याला भरपाईच्या दाव्यापासून त्याच कलमात संरक्षण आहे, पण ते वस्तू ताब्यात मागण्याच्या आड येत नाही. युरोपातला शिल्पकार कोल्हापुरातल्या कपाटावर दावा लावेल असे मला वाटत नाही. तरी तुमचा संग्रह असा टांगणीला लागला, ही गोष्टच पैसे परत मागायला एक भक्कम आधार देते. तिच्याकडे पुढे येते.

त्याआधी थोडे थांबा. दोन फिगर्स सारख्या दिसल्या म्हणजे चोरी सिद्ध झाली, असे नाही. या क्षेत्रातले बरेच शिल्पकार कोणा एकाच्या पदरी नसतात, ते वेगवेगळ्या उत्पादकांसाठी मूळ नमुने घडवून देतात. तुमच्या उत्पादकाने परवाना घेतलेला असू शकतो किंवा जुना साचा रीतसर विकत घेतलेला असू शकतो. बुटावरचा खळगा मात्र बोलका आहे. मूळ प्रतीतला दोष नकलेत जसाच्या तसा उतरतो. तयार फिगरवरून साचा घेऊन पुन्हा धातू ओतला की तो थंड होताना आकसतो, म्हणून रिकास्ट मूळ फिगरपेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपरने दोन्हींची तीन ठिकाणी मापे घ्या: बुटाच्या टाचेपासून पट्ट्यापर्यंत, खांद्यांची रुंदी आणि बंदुकीची लांबी. माप घेताना कॅलिपरसकट फोटो काढा. उंची मोजून उपयोग नाही, डोके बदललेले आहे. आणि रंग खरवडून आत पाहायचा मोह आवरा. तुमच्या हाताने रंग निघाला, तर माल तुम्हीच बिघडवला असे समोरचा म्हणेल.

आता पैशांकडे. इथे तुम्हाला मोठा दिलासा आहे, कारण तुमचा दावा कॉपीराइटवर उभा राहत नाही.

कॉपीराइटचा वाद किचकट होऊ शकतो. उत्पादक कॉपीराइट कायद्याचे कलम १५(२) पुढे करेल: नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर कॉपीराइट संपतो. शिल्पकार म्हणेल, हे डिझाइन नाही, निव्वळ शिल्प आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही रेषा कशी आखायची याची कसोटी सांगितली आहे, पण ती प्रत्येक प्रकरणात वेगळी लावावी लागते. तो वाद त्या दोघांचा. तुमचा प्रश्न साधा आहे: 'मूळ शिल्प आमच्याच कार्यशाळेत घडवलेले' हे वाक्य खरे होते की खोटे? परवाना घेतलेला असला, तरीही ते वाक्य खोटेच ठरते.

माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, ही माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ ची अट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मालाबद्दल खोटे सांगण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. 'रंगवलेला माल परत नाही' हे उत्तरही टिकणार नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार स्वतःच्या संकेतस्थळावरून नियमित विकणाऱ्याला जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात, हेही त्याच्यावर बंधनकारक आहे.

वर म्हटलेला भक्कम आधार म्हणजे माल विक्री कायद्याचे कलम १४. विकणाऱ्याला तो माल विकण्याचा हक्क असलाच पाहिजे आणि घेणाऱ्याला तो निर्धोकपणे बाळगता आला पाहिजे. इंग्लंडमधल्या १९२१ च्या एका निकालाची मला इथे आठवण होते. आटवलेल्या दुधाचे डबे विकले गेले, त्यांतल्या काहींवर 'निसली' असे लेबल होते. ते 'नेस्ले'च्या नावाच्या इतके जवळ जाणारे होते की कस्टम्सने डबे अडवले, आणि बिचाऱ्या खरेदीदारांना लेबले काढून मिळेल त्या भावाला माल विकावा लागला. दूध चांगले होते. तरीही ज्याला दुसरा कोणी विक्रीपासून रोखू शकतो, त्याला विकण्याचा हक्कच नव्हता, असे सांगून न्यायालयाने खरेदीदारांच्या बाजूने कौल दिला. आपले कलम १४ त्याच इंग्रजी तरतुदीवरून आले आहे. तुमच्या फिगर्सवरचे रंगकाम उत्तम असेल, पण त्याने हा दोष भरून निघत नाही.

आणि मला व्यक्तिशः खटकते ते डोके. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवून पुन्हा चढाई केली. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्या पलटणीच्या नावाने पैसे घेऊन भलत्याच सैनिकाच्या धडावर नवे डोके बसवले असेल, तर तुमच्याकडून अभ्यासाची किंमत घेतली गेली आणि तो अभ्यास झालाच नाही. पुढे ग्राहक आयोगाकडे मानसिक त्रासाची भरपाई मागताना हे अर्जात साध्या शब्दांत लिहा, आयोगाला ते कळेल.

करायचे ते असे. उरलेल्या ४ फिगर्स पाठवू नका, असे उत्पादकाला आजच ईमेलने कळवा. घरी आल्या आणि ठेवून घेतल्या तर गुंता वाढेल. संकेतस्थळावरचे वर्णन, पावत्या, प्रमाणपत्रे, ईमेल, सगळे तारखेसह जतन करा. जाहिरातीचे ते पान तो कधीही बदलू शकतो, म्हणून हे काम पत्र वाचून होताच करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत जोडायचे असते, ते स्थानिक वकील करून देतील. मग मूळ शिल्पकाराला फोटो पाठवून दोनच गोष्टी विचारा: हे शिल्प तुमचे आहे का, आणि कोणाला परवाना दिला आहे का? त्याचे एक लेखी उत्तर तुमच्या दहा युक्तिवादांवर भारी पडेल.

यानंतर स्पीड पोस्टाने नोटीस: दिलेले १,१७,००० रुपये व्याजासह परत, १४ फिगर्स त्याच्या खर्चाने परत नेणे, १५ दिवसांची मुदत. पैसे हातात येण्याआधी फिगर्स पाठवू नका, तोच तुमचा पुरावा आहे. नोटिशीत 'चोर', 'लुटारू' असे शब्द नकोत, आणि संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावरही नकोत. शिल्पकाराचे उत्तर यायच्या आत केलेला आरोप तुमच्यावरच बदनामीची तक्रार ओढवून आणेल. पोलिसांकडेही आत्ता जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात पैसे घेतानाच बदहेतू होता हे दाखवावे लागते, आणि ते तुम्हाला शिल्पकाराच्या उत्तरानंतरच दाखवता येईल.

उत्तर आले नाही, तर कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते, उत्पादकाच्या राज्यात खेटे घालायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. पत्रात तुम्ही एका ठिकाणी या मालिकेला 'गुंतवणूक' म्हटले आहे. हौसेने जमवली असेल तर तसेच लिहा. विक्रीसाठी किंवा धंद्यासाठी घेणारा हा कायद्याने ग्राहकच नाही, आणि तो एक शब्द समोरचा वकील सोडणार नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती तुम्हाला कळल्यापासून धरावी असे आपण म्हणू, उत्पादक म्हणेल पहिल्या खरेदीपासून धरा. तुमची पहिली फिगर बावीस महिन्यांपूर्वीची आहे. या वादात पडायचेच नसेल, तर हातात दोन महिने आहेत. शिल्पकाराला तीन आठवडे द्या, नोटिशीला पंधरा दिवस, आणि शिल्पकाराचे पत्र आले नाही तरी आठवा आठवडा उलटायच्या आत तक्रार दाखल झालेली असू द्या.