फुटलेल्या वॉर्डाचा इतिहास लिहिणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. मुंबई महापालिकेतल्या तुमच्या जुन्या वॉर्डातून कोण, कधी, कोणत्या पक्षाकडून निवडून आलं याचा तक्ता तू मनापासून केला आहेस. पण त्या तक्त्याच्या डोक्यावर एकच वॉर्ड क्रमांक लिहून तो १९८५ पासून २०१२ पर्यंत खाली ओढत आणला आहेस. तो आधी पुसून टाक.

मुंबईत वॉर्डाचा क्रमांक जमिनीला चिकटलेला नसतो. १९६८ साली महापालिकेत १४० जागा होत्या. १९८५ च्या निवडणुकीला त्या १७० झाल्या, १९९२ ला २२१ आणि २००२ ला २२७. जागा वाढल्या की हद्दी नव्याने आखल्या जातात आणि क्रमांकही नव्याने पडतात. आजचे क्रमांक दहिसरला १ पासून सुरू होतात आणि कुलाब्याला २२७ वर संपतात. म्हणजे बोरिवलीत एक वॉर्ड वाढला, तर तुमच्या गल्लीतली एक वीटही न हलता तुमचा क्रमांक पुढे सरकतो. क्रमांक धरून मागे गेलीस, तर भलत्याच वस्तीतल्या नगरसेवकाला तुमच्या चाळीचा नगरसेवक ठरवून बसशील. एफ दक्षिण, जी दक्षिण ही तर महापालिकेची विभाग कार्यालयं. एकेका कार्यालयाखाली अनेक निवडणूक वॉर्ड येतात. त्यांची सरमिसळ तुझ्या दुसऱ्या पानावर झाली आहे, ती काढ.

म्हणून आधी जमीन पक्की कर. राजपत्रातल्या अधिसूचनेत प्रत्येक वॉर्डाची चतुःसीमा लिहिलेली असते: उत्तरेला अमुक रस्ता, पूर्वेला रेल्वेमार्ग, दक्षिणेला तमुक गल्लीचा नाका. कंटाळवाणा मजकूर आहे, पण तुझ्या सगळ्या कामाचा पाया तोच. प्रत्येक निवडणुकीची हद्द एकाच मोठ्या नकाशावर वेगवेगळ्या रंगाने आख. मग दिसेल की ज्याला तू ‘आमचा वॉर्ड’ म्हणतेस त्याचा एक गाभा आहे, पाच-सहा गल्ल्यांचा, जो दर वेळी एकत्र राहिला. आणि कडेच्या काही चाळी आहेत, ज्या कधी इकडे तर कधी तिकडे गेल्या. इतिहास त्या गाभ्याचा लिही. कडेच्या चाळींना स्वतंत्र परिच्छेद दे, कारण ज्यांना दर निवडणुकीला नवा नगरसेवक शोधावा लागला, त्यांचा अनुभव वेगळा आहे आणि तो कुणी लिहीत नाही.

प्रारूप प्रभाग रचना, म्हणजे वॉर्डांच्या हद्दींचा कच्चा आराखडा, जाहीर झाली की हरकती-सूचना मागवतात आणि सुनावणी होते. हे कागद मिळाले तर सोडू नकोस. कोणत्या इमारती कुणाला आपल्या वॉर्डात हव्या होत्या आणि कुणाला नको होत्या, हे तिथे कळतं. भाषणांत ते कधीच येत नाही.

आता २०१७ कडे ये, कारण तुमचा वॉर्ड फुटला तो तेव्हा. तू एका वाक्यात म्हटलं आहेस की ‘राजकीय सोयीसाठी वॉर्ड तोडला’. तसं असेलही, पण त्याला पुरावा लागतो आणि तुझ्या मसुद्यात तो नाही. पुरावा आहे तो याचा: २०१७ ची रचना २०११ च्या जनगणनेवर झाली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली, आणि उपनगर जिल्ह्याची ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेली. एकूण जागा २२७ च राहिल्या. मग शहरातले वॉर्ड ६३ वरून ५६ झाले, पश्चिम उपनगरांतले ९७ चे १०२ आणि पूर्व उपनगरांतले ६७ चे ६९. शहराने सात वॉर्ड गमावले, त्यातला एक तुमचा.

इथे थांबून लिही. अडीच लाख माणसं कमी होतात म्हणजे काय होतं, ते तुझ्या घरातच तुला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर लालबाग-परळच्या खोल्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. कुणी खोली विकून डोंबिवलीला गेलं, कुणी विरारला, कुणी बदलापूरला; कुणी पुनर्विकासात संक्रमण शिबिरात गेलं आणि तिथेच म्हातारं झालं. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण एका टॉवरच्या जागेवर पूर्वी जितकी माणसं झोपत-उठत होती तितकी आता राहत नाहीत. माणसं गेली तरी मतदार यादीतली नावं बरीच वर्षं जुन्याच पत्त्यावर राहिली. मतदानाच्या दिवशी सकाळची लोकल पकडून लोक जुन्या चाळीत यायचे, मत द्यायचे, शेजाऱ्यांकडे जेवायचे आणि संध्याकाळी परत जायचे. असे पाच जण शोध आणि त्यांना विचार की कोणत्या निवडणुकीपर्यंत आलात, आणि का थांबलात. तुमच्या वॉर्डाचा शेवट २०१७ च्या अधिसूचनेच्या बराच आधी सुरू झाला होता, आणि तो या माणसांच्या उत्तरांत सापडेल असं मला मनापासून वाटतं.

मतांच्या आकड्यांबद्दल. २०१२ आणि २०१७ च्या मतांची तू थेट वजाबाकी करून ‘भाजपची लाट’ असं लिहिलं आहेस. २०१२ ला शिवसेना आणि भाजप युतीत लढले होते. युतीत वॉर्ड एकाच्या वाट्याला येतो, दुसऱ्याचा उमेदवारच नसतो. तुमच्या वॉर्डात २०१२ ला भाजपच्या रकान्यात काही नाही, याचा अर्थ मतदार नव्हते असा होत नाही. ते युतीच्या धनुष्यबाणाला मत देऊन आले होते. २०१७ ला दोघे वेगळे लढले, शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. त्या वेळी मतदानही सुमारे ४५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हा वजाबाकी करण्यापूर्वी कोण कुणाबरोबर होतं, हे दर निवडणुकीखाली लिही. १९६८ लाही हेच लागू आहे: शिवसेनेने पहिल्या मोठ्या लढाईत १४० पैकी ४२ जागा जिंकल्या, तेव्हा तिची युती प्रजा समाजवादी पक्षाशी होती. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, म्हणून तर लिहायचं.

जमलं तर केंद्रनिहाय मतमोजणीचे तक्ते मिळव. एकेका मतदान केंद्रावर कोणत्या इमारती होत्या ते यादीच्या भागांवरून लावता येतं. मग २०१७ चा वॉर्ड वेगळा असला तरी तुमच्या पाच-सहा गल्ल्यांची मतं तुला स्वतः बेरजेने काढता येतील. काम किचकट आहे, डोळे दुखतील. पण फुटलेल्या वॉर्डाने फुटल्यानंतर कसं मतदान केलं, हे सांगण्याची दुसरी रीत नाही.

निवडून आलेला पक्ष आणि मुदत संपतानाचा पक्ष हे दोन वेगळे रकाने कर. २०१७ ला मनसेचे सात नगरसेवक निवडून आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यातले सहा शिवसेनेत गेले. तसंच विजयी म्हणून जाहीर झालेला माणूस पाच वर्षं बसलाच असं नाही. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात निवडणुकीला आव्हान देण्याची सोय आहे आणि तो अर्ज लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जातो. जात पडताळणीत दाखला टिकला नाही म्हणून २०१७ नंतर काहींचं पद गेलं. हे सगळं निकालाच्या दिवसाच्या वर्तमानपत्रात मिळणार नाही, पुढची पाच वर्षं चाळावी लागतील. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात कर.

एका जागी मला तुझ्याशी भांडायचं आहे. ‘२००७ नंतर वॉर्ड लेडीज पडला आणि नगरसेवकाने बायकोला उभं केलं’ असं लिहून तू त्या बाईंना अर्ध्या ओळीत संपवलं आहेस. महाराष्ट्रात स्त्रियांना आधी ३० टक्के, मग ३३ टक्के आरक्षण मिळालं आणि मुंबईत २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा त्यांच्या झाल्या. आरक्षण सोडतीने पडतं, दर निवडणुकीला फिरतं, आणि एकच आडनाव तक्त्यात खाली खाली येत राहतं हे खरं. पण त्या बाईंनी सभागृहात काय विचारलं, प्रभाग समितीत कशावर आवाज उठवला, हे तू पाहिलंस का? सभांची इतिवृत्तं पाहा. आरक्षण नव्हतं तेव्हा, १९६१ साली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर याच महापालिकेत निवडून आल्या होत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी मृणालताईंनी जे केलं त्यावरून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. नळ, संडास, गटार, कचरा: नगरसेवकाचं काम मुळात हेच आहे आणि बायकांना ते कुणी शिकवावं लागत नाही. त्या बाईंना भेट. नवऱ्यासमोर नको, एकटीला भेट.

गल्लीतल्या पाट्याही वाच. सार्वजनिक संडास, व्यायामशाळा, समाजमंदिर, बाकडी, यांवर ‘नगरसेवक निधीतून’ असं नाव आणि साल असतं. माणसांना काम आठवतं, साल आठवत नाही. पाटीवर दोन्ही असतं. पुनर्विकासात या पाट्या भिंतीसकट जातात, म्हणून या महिन्यातच फोटो काढून ठेव.

निवडणुकांमधली रिकामी वर्षंही लिही. १९६१ नंतर १९६८, १९७८ नंतर १९८५, मग १९९२. पाच वर्षांची शिस्त मुंबईत बऱ्याचदा मोडली आहे. ७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. मधल्या काळात प्रशासक होता. त्याआधी, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, वॉर्ड २३६ करायचं ठरलं होतं, तसे नकाशे निघाले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये संख्या पुन्हा २२७ वर आली. ते २३६ चे नकाशे अजून फिरतात. तुझ्या फाइलमध्ये तसा एक दिसला, त्यावर कधीच मतदान झालेलं नाही.

१९६८ च्या मागे किती जायचं, असं विचारलं आहेस. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची महापालिका केली, त्यात ३२ जण करदात्यांनी निवडायचे होते. म्हणजे तुझ्या चाळीतल्या बहुतेकांच्या पणजोबांना मतच नव्हतं. शिवाय जुन्या वॉर्डातून एकाहून अधिक जण निवडून येत. तो काळ एका पानात आटप. प्रौढ मताधिकार १९४८ च्या निवडणुकीत आला, गिरणगावातला कामगार तेव्हा पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. तिथून सविस्तर लिही.

नकाशा झाला की मला पाठव, मजकूर नंतर. आणि १९८५ च्या हद्दीत रेल्वेच्या पलीकडच्या दोन चाळी तू धरल्या आहेस त्या अधिसूचनेत खरंच आहेत का, एवढं तपासून लगेच कळव.

तुझे,
काका